कुलूप, टॅग आणि खात्री : अवजड कारखान्यात लॉकआउट कसे शिकवावे आणि कसे टिकवावे

देखभालीच्या कामातल्या अनेक गंभीर अपघातांचा साचा एकच असतो. यंत्र बंद असते, माणूस आत हात घालून काम करत असतो आणि यंत्र अचानक चालू होते, किंवा आत साठून राहिलेली ताकद सुटते. हे टाळायची पद्धत जुनी आहे आणि ऐकायला सोपीही. ऊर्जेची प्रत्येक वाट तोडायची, तिथे स्वतःचे कुलूप लावायचे, आणि यंत्र खरोखर निर्जीव झाले आहे याची आपल्या हाताने खात्री करायची. यालाच लॉकआउट म्हणतात. तरीही प्रशिक्षणाच्या रजिस्टरवर सगळ्यांच्या सह्या असलेल्या कारखान्यांत असे अपघात होतातच. कारण शिकवणे खोलीत, पडद्यावरच्या चित्रांवर होते. काम मात्र धुळीत, आवाजात, रात्रपाळीत आणि उत्पादन थांबल्याच्या दडपणाखाली होते. प्रशिक्षण यंत्रापाशी नेल्याशिवाय हे अंतर मिटत नाही.

पुढचे बरेचसे उदाहरण चढावर माल नेणाऱ्या बेल्ट कन्व्हेयरचे आहे. पोलाद, सिमेंट, खाण, वीजनिर्मिती, सगळीकडे तो असतो आणि "त्यात काय, एक मोटर आणि एक पट्टा" असे वाटून सगळीकडेच त्याला हलके घेतले जाते.

आधी यंत्र वाचा

शिकवायला घेण्याआधी त्या यंत्राचे एक पानी कार्ड हवे. ते कार्यालयात बसून लिहू नका. एक इलेक्ट्रिशियन, एक फिटर आणि ते यंत्र रोज चालवणारा ऑपरेटर अशा तिघांनी टेलपासून (पट्ट्याचे मागचे टोक) हेडपर्यंत (माल टाकणारे पुढचे टोक) एकत्र चालत जावे आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा : इथे काय हलू शकते, पडू शकते, फुटू शकते, भाजू शकते?

बहुतेक जण मुख्य मोटरच्या ब्रेकरपाशी थांबतात. पुढच्या गोष्टी तिथेच सुटतात. मोटरमध्ये दमटपणा घालवणारा हीटर असेल तर त्याचा पुरवठा अनेकदा वेगळा असतो, आणि मोटर बंद असतानाच तो चालू होतो. म्हणजे ब्रेकर पाडला तरी टर्मिनल बॉक्समध्ये वीज असते. मोटर व्हीएफडीवर, म्हणजे तिचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, असेल तर पुरवठा तोडल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा डीसी दाब काही मिनिटे टिकतो. किती मिनिटे, ते ड्राइव्हवरच्या पाटीवर लिहिलेले असते. तेवढे थांबायचे आणि नंतर मोजायचेही.

मग गुरुत्वाकर्षण. टेकअपचे, म्हणजे पट्टा ताणून धरणारे, वजन हवेत लटकलेले असते. चढावरच्या पट्ट्यावर माल असेल तर तो पट्ट्याला मागे खेचत असतो, आणि हे खेचणे फक्त होल्डबॅक (उलटे फिरणे रोखणारा अडसर) किंवा ब्रेकने अडवलेले असते. गिअरबॉक्स काढायचा किंवा कपलिंग सोडायचे म्हणजे नेमका तोच अडसर दूर करायचा. ताणलेल्या पट्ट्यात स्वतःचीही ताकद असते. जोड कापताना क्लँप नीट नसेल तर पट्टा झटक्यात निसटतो. च्यूटमध्ये (माल खाली सोडणाऱ्या घसरणीत) चिकटून बसलेला माल, तो पाडण्यासाठी बसवलेल्या एअर ब्लास्टरच्या टाकीतली दाबाची हवा, पट्ट्यावर टांगलेला लोहचुंबक, हॉपरची पातळी मोजणाऱ्या किरणोत्सारी गेजचे शटर, आणि ज्याचा माल या पट्ट्यावर पडतो तो आधीचा फीडर, हे सगळे कार्डात यायला हवे. फीडरला कुलूप नसेल तर तुमचा पट्टा कितीही पक्का बंद असो, वरून माल डोक्यावर पडणारच.

कार्डावर प्रत्येक जागेचा फोटो, तिचा क्रमांक, ती कशी तोडायची, साठलेली ताकद कशी घालवायची आणि खात्री कशी करायची हे लिहा. तोच क्रमांक प्रत्यक्ष ब्रेकरवर किंवा व्हॉल्व्हवर रंगवलेला असू द्या. सगळ्यात वर मोठ्या आकड्यात लिहा : या कामासाठी एकूण किती कुलुपे. हा एक आकडा फार उपयोगी पडतो. कार्डावर ७ असेल आणि हातात ६ चाव्या असतील, तर काहीतरी सुटले आहे हे वाचता न येणाऱ्यालाही कळते. कार्डाची भाषा काम करणाऱ्याची हवी, यंत्र बनवणाऱ्या कंपनीची नव्हे. आणि यंत्रात बदल झाला की कार्ड त्याच दिवशी बदला; नवीन एअर लाइन जोडली आणि कार्ड जुनेच राहिले तर ते कार्ड माणसाला फसवते.

एक गोष्ट इथेच पक्की करून टाका. पुलकॉर्ड (ओढली की पट्टा थांबवणारी कडेची दोरी), इमर्जन्सी स्टॉप आणि कंट्रोल रूममधले "बंद" हे काही तोडणे नव्हे. ते फक्त कंट्रोल सर्किट अडवतात. काँटॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विद्युत स्विच) चिकटला, प्रोग्राममध्ये गडबड झाली, किंवा कुणी नकळत रीसेट केले, की मोटर फिरते.

सामान

प्रत्येकाचे स्वतःचे कुलूप, त्याची एकच किल्ली, आणि ती त्याच्याच खिशात. हे कुलूप कपड्यांच्या कपाटाला लावायचे नाही. सोबत हास्प (एकाच जागी अनेक कुलुपे लावता येणारी कडी), ब्रेकरला बसणारे क्लँप, बॉल व्हॉल्व्हच्या दांड्याचे आणि गेट व्हॉल्व्हच्या चाकाचे कव्हर, साखळी, आणि मोठ्या कामासाठी ग्रुप लॉकबॉक्स. टॅगवर नाव, खाते, तारीख, फोटो. टॅग बांधायचा पट्टा किमान २३ किलोचा ओढा सहन करणारा हवा. सुतळीने बांधलेला टॅग पहिल्याच पावसात खाली पडतो. टॅग म्हणजे फक्त सूचना. हात अडवते ते कुलूपच, त्यामुळे कुलूप लावता येत असताना नुसत्या टॅगवर भागवू नका.

कामाचा क्रम

१. परिसरातल्या सगळ्यांना आणि कंट्रोल रूमला कळवा : कोणते यंत्र, कशासाठी, साधारण किती वेळ.
२. पट्टा रिकामा होईपर्यंत चालवा आणि नेहमीच्या पद्धतीने थांबवा. भरल्या पट्ट्यावर काम करावेच लागले तर तो वेगळा धोका समजून वेगळी तयारी करा.
३. कार्डावरच्या प्रत्येक जागी ऊर्जा तोडा.
४. प्रत्येक जागी कुलूप आणि टॅग लावा. काम करणारे पाच असतील तर पाच कुलुपे. "माझ्याही वतीने लाव" चालणार नाही. लॉकबॉक्स असेल तर सगळ्या जागांच्या किल्ल्या पेटीत, आणि पेटीवर प्रत्येकाचे कुलूप.
५. साठलेली ताकद घालवा : टेकअपचे वजन साखळीने किंवा पिनने अडवा, पट्टा क्लँप करा, हवा सोडा, हायड्रॉलिक अ‍ॅक्युम्युलेटरचा दाब उतरवा, कपॅसिटरला वेळ द्या.
६. खात्री करा.
७. काम संपल्यावर हत्यारे आणि माणसे मोजा, गार्ड परत बसवा, प्रत्येकाने स्वतःचे कुलूप स्वतः काढावे, आणि चालू करण्याआधी पुन्हा सगळ्यांना कळवा.

सहावी पायरी

वेळ कमी पडला की सगळ्यात आधी हीच पायरी गळते, आणि चुकीचा ब्रेकर पाडला गेला असेल तर तो पकडणारी हीच एक पायरी असते. एमसीसीत (सगळ्या मोटरच्या ब्रेकरांच्या पॅनेलमध्ये) शेजारी शेजारी १४ आणि १४-अ असतात. कुणीतरी पाटी उलटी लावलेली असते. मोटर बदलताना केबल दुसऱ्या फीडरवर गेलेली असते. अशा वेळी कुलूप अगदी नियमाप्रमाणे लागते, फक्त ते भलत्याच यंत्राला लागलेले असते.

विजेची खात्री करताना टेस्टर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या ठिकाणी लावून बघा, मग आपल्या टर्मिनलवर मोजा, मग पुन्हा चालू ठिकाणी लावा. मधेच टेस्टरची बॅटरी गेली किंवा फ्यूज उडाला असेल तर तिसऱ्या मोजणीत ते उघडे पडते. तीन फेजच्या मोटरला सहा मोजण्या लागतात : फेज-फेज तीन आणि फेज-अर्थ तीन. जवळ नेल्यावर लाल दिवा लागणाऱ्या पेन-टेस्टरवर हा निर्णय सोडू नका. आणि शून्य दिसेपर्यंत ते सर्किट जिवंतच धरायचे, म्हणजे मोजतानाही हातमोजे, फेसशील्ड आणि ठरलेले कपडे अंगावर हवेत.

यानंतर चालू करून बघणे. स्थानिक बटण दाबा, कंट्रोल रूममधूनही सुरू करायला सांगा. इथे एक सापळा आहे आणि अनुभवी माणसेही त्यात सापडतात. पुलकॉर्ड ओढलेली असेल, एखादा इंटरलॉक (ठरलेली अट पुरी नसेल तर यंत्र अडवणारी व्यवस्था) ट्रिप असेल, किंवा सिलेक्टर "रिमोट"वर असताना तुम्ही स्थानिक बटण दाबत असाल, तर यंत्र तसेही सुरू होणार नव्हते. ते गप्प राहिले म्हणजे तुमचे कुलूप बरोबर जागी आहे असे सिद्ध होत नाही. म्हणून बटण दाबण्याआधी सगळे इंटरलॉक आणि पुलकॉर्ड रीसेट करा, ऑपरेटरकडून "आता सगळे तयार दाखवते आहे, फक्त पुरवठा नाही" असे ऐका, आणि मगच बटण दाबा. दाबून झाल्यावर सिलेक्टर पुन्हा "बंद"वर आणायला विसरू नका; नाहीतर कुलूप काढल्यावर पुरवठा येताक्षणी यंत्र फिरू शकते.

पाइपलाइनवर हाच विचार वेगळ्या रूपात येतो. एक बंद व्हॉल्व्ह म्हणजे तुटलेली लाइन नव्हे, कारण व्हॉल्व्ह आतून गळतात. माणूस आत जाणार असेल तर लाइन सोडवून वेगळी करा किंवा ब्लाइंड (लाइन बंद करणारी भरीव चकती) घाला. तेही शक्य नसेल तर दोन व्हॉल्व्ह बंद करून मधला ब्लीड (दाब सोडायचे तोंड) उघडा ठेवा. ब्लीडमधून काही येत नाही म्हणजे दाब गेला असे धरू नका, तो गाळाने चोंदलेला असू शकतो. फ्लँज (पाइपांचा बोल्टचा जोड) सोडताना आपल्यापासून लांबचा बोल्ट आधी ढिला करा, म्हणजे उरलेला दाब सुटलाच तर फवारा पलीकडे जाईल.

टाकीत किंवा सायलोत उतरायचे असेल तर कुलुपांच्या जोडीला हवा तपासावी लागते, आणि तीही ठरलेल्या क्रमाने : आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू. ज्वलनशील वायूचे अनेक मीटर ऑक्सिजन कमी असताना चुकीचे दाखवतात, म्हणून हा क्रम. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, ज्वलनशील वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (हवेत स्फोट होण्यासाठी लागणारे किमान प्रमाण) १० टक्क्यांच्या आत. वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी मोजा. हायड्रोजन सल्फाइड तळाशी बसतो, मिथेन वर जातो. आणि बाहेर उभ्या राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा, ती करून दाखवायला लावा : आतला पडला तर मागोमाग उतरायचे नाही, ट्रायपॉडने (तोंडावर उभ्या केलेल्या तिपाईच्या दोरीने) ओढायचे आणि मदत बोलवायची. अमेरिकेच्या नायोश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ साली दिलेल्या इशाऱ्यानुसार बंदिस्त जागेत मरणाऱ्यांत ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेलेच होते.

शिकवायचे कसे

एका वेळी सहा माणसे, त्याहून जास्त नकोत. ब्रेकर पॅनेलपुढे सातव्याला काही दिसत नाही. शिकवणारा शक्यतो त्या यंत्रावर वर्षानुवर्षे काम केलेला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन असावा. सुरक्षा अधिकाऱ्याने शेजारी उभे राहावे. नियम कुठून आला हे तो सांगेल, पण "हा पिन अर्धाच जातो, हातोडीने बसवावा लागतो" हे फिटरच सांगणार.

अर्धा तास खोलीत, बाकी सगळा वेळ यंत्रापाशी. पहिल्या फेरीत शिकवणाऱ्याने करून दाखवावे आणि प्रत्येक पायरीला कारण सांगावे. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाने एकट्याने करावे, बाकीच्यांनी पूर्ण गप्प राहून. हे गप्प राहणे अवघड जाते. मित्र अडला की शेजारचा पुटपुटतोच. ते थांबवा, कारण रात्री दोनला त्याच्या शेजारी कुणी नसेल.

तिसरी फेरी सगळ्यात मोलाची. शिकवणाऱ्याने मुद्दाम एक चूक पेरून ठेवावी : एक पाटी झाकावी, एअर लाइनचा छोटा व्हॉल्व्ह उघडा सोडावा, टेस्टरची बॅटरी काढावी, किंवा पुलकॉर्ड ओढून ठेवावी. बघा कोण पकडतो. मात्र या सरावात कुणीही पट्ट्यावर किंवा च्यूटमध्ये जायचे नाही आणि मुख्य ब्रेकरवर शिकवणाऱ्याचे स्वतःचे कुलूप आधीच लागलेले असले पाहिजे. पेरलेली चूक सरावापुरतीच राहिली पाहिजे.

परीक्षेत एक नियम कडक ठेवा. पायऱ्यांचा क्रम थोडा चुकला तर सुधारून पुढे जाऊ द्या, पण खात्रीची पायरी गाळली तर तो माणूस नापास. इतर सगळे बरोबर असले तरी नापास. लेखी परीक्षा ठेवायचीच तर ठेवा, तिच्यावर फार विसंबू नका. अनेक उत्तम फिटर लिहिण्यात कच्चे असतात आणि उलटही असते. पहिल्या महिन्यात निदान एकदा त्याला खऱ्या कामावर, शक्यतो रात्रपाळीत, बघून या. शिकलेले टिकले की नाही हे तिथेच कळते.

रोजच्या टूलबॉक्स टॉकबद्दल (काम सुरू करण्याआधीच्या छोट्या चर्चेबद्दल) एवढेच : दहा मिनिटे, यंत्रापाशी, आणि "समजलं का?" हा प्रश्न वर्ज्य. त्याचे उत्तर नेहमी "हो" असते. त्याऐवजी विचारा, "आजच्या कामात कोणती जागा विसरली जाण्याची शक्यता जास्त आहे?" आणि सगळ्यात नव्या माणसाला आधी बोलू द्या.

पाळी बदलताना

६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू प्लॅटफॉर्मवर १६७ माणसे गेली. दिवसपाळीत एका कंडेन्सेट पंपाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी नुसता ब्लँक फ्लँज, म्हणजे तोंड झाकणारी चकती, लावला होता. पंपाचे परमिट (कामाची लेखी परवानगी) वेगळे, व्हॉल्व्हचे वेगळे. रात्री दुसरा पंप बंद पडला तेव्हा पाळीवरच्या लोकांना व्हॉल्व्ह काढला आहे हे माहीत नव्हते. त्यांनी हा पहिला पंप सुरू केला, फ्लँजमधून वायू सुटला आणि स्फोट झाला. परमिटची पद्धत तिथे होती. एका यंत्रावरची दोन कामे एकमेकांना जोडलेली नव्हती, आणि पाळी बदलताना महत्त्वाचे वाक्य बोलले गेले नाही.

म्हणून एका यंत्रावरची सगळी परमिटे एकाच क्लिपबोर्डवर, एकाखाली एक ठेवा. हँडओव्हर यंत्रापाशी उभे राहून द्या. येणाऱ्याने आपले कुलूप आधी लावायचे, जाणाऱ्याने नंतर काढायचे. मध्ये एक क्षणही यंत्र बिनकुलपाचे राहता कामा नये. यासाठी दोन पाळ्यांत पंधरा मिनिटांचा पगारी ओव्हरलॅप लागतो. व्यवस्थापनाला तो नको असेल तर हा नियम कागदावरच राहील.

कुणी कुलूप लावून घरी निघून गेला तर? कटर आणण्याआधी तो आवारात नाही हे गेट रजिस्टरवरून बघा, त्याला फोन करा, संपूर्ण यंत्र डोळ्यांनी तपासा, दोन जबाबदार माणसांच्या सह्या घ्या, आणि तो कामावर परतला की काम सुरू करण्याआधी त्याला सांगा. शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते. आपले कुलूप अजून तिथेच आहे असे समजून तो थेट आत शिरू शकतो.

कुलूप टिकवते ती वागणूक

कामगार नियम मोडतात तेव्हा बहुतेक वेळा नियम पाळायला वेळच दिलेला नसतो. शटडाऊनच्या वेळापत्रकात "लायनर बदलणे, ४ तास" अशी ओळ असते. कुलुपे लावणे आणि खात्री करणे यांची ओळच नसते. सात जागांच्या कामाला पाऊण तास लागत असेल तर तो पाऊण तास वेळापत्रकात वेगळा छापा. एवढ्या एका बदलाने जे साधते ते दहा पोस्टरने साधत नाही.

कुणी काम थांबवले तर पहिल्या पाच मिनिटांत सुपरवायझर काय बोलतो, ते सगळी पाळी ऐकत असते. थांबवणाऱ्याची शंका चुकीची निघाली तरी "बरं केलंस, चल एकत्र बघू" एवढेच म्हणा. "आता किती टन गेले माहीत आहे का?" असे एकदा जरी विचारले गेले तर पुढची सहा महिने कुणी थांबवणार नाही.

नियर मिस (थोडक्यात टळलेला अपघात) कळवणाऱ्याला उत्तर मिळाले पाहिजे, तेही त्याच आठवड्यात : काय दुरुस्त केले, किंवा का करता येत नाही. "शून्य अपघात"ला बक्षीस लावू नका. बक्षीस लावले की बोट कापल्याचेही कुणी सांगत नाही, आणि व्यवस्थापन स्वतःच्याच आकड्यांना भुलते. अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ रोजी एक टॉवर उतू जाऊन झालेल्या स्फोटात १५ जण मेले आणि १८० जखमी झाले. नंतरच्या चौकशीत एक ठळक मुद्दा निघाला तो असा की किरकोळ दुखापतींचे घटते प्रमाण पाहून कंपनीने प्रक्रियेची सुरक्षाही ठीक आहे असा अर्थ काढला होता. पाय घसरण्याचे आकडे आणि टॉवर उतू जाण्याचा धोका या वेगळ्या गोष्टी आहेत. लॉकआउटसाठी मोजायचेच असेल तर हे मोजा : अचानक जाऊन पाहिलेल्या कामांपैकी किती कामांत खात्रीची पायरी प्रत्यक्ष झाली, कार्डातल्या किती चुका कामगारांनी शोधल्या, त्यातल्या किती दुरुस्त झाल्या.

शिक्षा करताना फरक करा. एखाद्याची जागा नजरेतून सुटली असेल तर कार्ड आणि पाट्या सुधारा. सगळीच पाळी तीच पळवाट वापरत असेल तर एकट्याला धरू नका. पद्धत का जमत नाही ते शोधा. दुसऱ्याचे कुलूप परवानगीशिवाय कापणे किंवा किल्लीची नक्कल करून ठेवणे हे मात्र तिसऱ्या प्रकारचे, आणि तिथे पद किंवा अनुभव न बघता कडक कारवाई हवी. ती पहिल्यांदा इंजिनिअरवर झाली तर हेल्परला नियम खरा वाटतो.

कंत्राटी माणसांना तेच कार्ड, तेच प्रशिक्षण, आणि प्रत्येकाला स्वतःचे कुलूप. त्यांच्या ठेकेदाराचे एकच कुलूप सगळ्यांच्या वतीने चालणार नाही. कारखान्याचा माणूस आधी ऊर्जा तोडून कुलूप लावतो, मग ठेकेदाराची माणसे आपापली लावतात, आणि काढताना उलटा क्रम.

वर्षातून एकदा तरी प्रत्येक कार्ड प्रत्यक्ष कामावर तपासा, आणि तपासणारा ते कार्ड रोज वापरणारा नसावा, कारण सवयीच्या नजरेला रंग उडालेला क्रमांक दिसत नाही. त्याने कार्ड हातात घेऊन, कुणालाही न विचारता, सगळ्या जागा शोधाव्यात. जिथे त्याला विचारावे लागेल तिथे पेनाने खूण करा आणि ती पाटी त्याच आठवड्यात नवीन लावा.